ग्राफिक डिझाइन शिकायला क्लास लावू की डीटीपीवाल्याकडे बसू?

तुम्ही लिहिलंय की कॉन्ट्रास्ट (गडद-फिक्यातला फरक), हायरार्की (आधी काय, नंतर काय), अलाइनमेंट (एका रेषेत मांडणी), व्हाइट स्पेस (कोरी जागा) ही तत्त्वं व्हिडिओ बघून पाठ झाली आहेत. मराठी कामाला ती तशीच चालतात का, आणि आता चांगला क्लास लावावा की 'एखाद्या डीटीपीवाल्याकडे बसून नुसतं सॉफ्टवेअर शिकावं', असा प्रश्न आहे. त्या 'नुसतं'पायी हे उत्तर लिहितोय. मी पुण्याच्या नारायण पेठेत २७ वर्षं डीटीपी करतो, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून मांडतो.

तत्त्वं चालतात. पण व्हिडिओत ती ज्या अक्षरांवर दाखवतात, ती अक्षरं आपली नव्हेत, आणि घोळ तिथेच होतो.

२०११ सालचे गणपती. आमच्या भागातल्या एका मंडळाचं मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं. ए५ हँडबिल, साधा पातळ कागद, पाच हजार प्रती. डिझाइन करणार एका कार्यकर्त्याचा भाचा, कमर्शियल आर्ट करून नुकताच बाहेर पडलेला. त्याने लेआउट आणला तो सगळा इंग्रजी डमी मॅटर टाकून. दिसायला देखणा होता, उगाच खोटं कशाला बोलू. मला म्हणाला, "काका, याच्यात फक्त मराठी टाइप करून द्या."

बसलो टाइप करायला. हेडिंगला त्याने ट्रॅकिंग दिलेलं, म्हणजे अक्षरांत मोकळी जागा. इंग्रजी कॅपिटल्सला ते शोभतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते. 'नेत्रतपासणी'चं झालं ने त्र त पा स णी. म्हटलं, अरे, हा शब्द राहिला नाही, सहा अक्षरं झाली. तर म्हणे, "तो एअर आहे काका, मोकळेपणा." मग खालचा मजकूर नऊ पॉइंट, लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर, अकरा. इंग्रजीला ते पुरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत 'वयोवृद्धांसाठी', बरोबर त्याच्या खाली 'मोतीबिंदू'. 'वृ' आणि 'द्धां'चे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर. बिंदूचाच बिंदू गेला! त्यात बहुतेक मराठी फॉन्ट त्याच पॉइंटात इंग्रजीपेक्षा बारीक दिसतात, म्हणजे नऊचे दिसायला सातच.

मी हे सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते तेव्हापासून डोक्यात आहे. "काका, तुम्ही ऑपरेट करा, डिझाइन आमच्यावर सोडा."

सोडलं. तिथे माझं चुकलं. मजकूर त्याने करडा ठेवला होता आणि तो करडाही चार रंगांतून बनवलेला. छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. नऊ पॉइंटाच्या मजकुराला चार प्लेटा! मशीनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग बरोबर बसणं, केसभर हललं की प्रत्येक अक्षराला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार येते. बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवर घ्यायचा, हे आमच्याकडे चहा आणणाऱ्या पोरालाही माहीत होतं. मला प्रूफवरच, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीवरच, दिसत होतं, पण 'ऑपरेट करा' कानात बसलं होतं, म्हणून गप्प राहिलो. छापून आलं तेव्हा मोतीबिंदू न झालेल्यालाही झाल्यासारखं वाटावं, असं ते हँडबिल होतं.

पत्रकं वाटल्यावर मंडळाच्या फोनवर सगळे आजी-आजोबा एकच विचारायला लागले: शिबिर कधी आहे? तारीख होती, पण परिच्छेदाच्या तिसऱ्या ओळीत, बाकीच्या मजकुराच्याच जाडीत. वेळ एकीकडे, पत्ता तळाशी. शेवटी कार्यकर्ते माझ्याकडे आले. पुन्हा छापायला पैसे नव्हते. मी एक रबरी शिक्का करून दिला: वार, तारीख, वेळ, शाळेचं नाव, चार ओळी, जाड अक्षर. चार पोरं मांडवात बसून उरलेल्या प्रतींवर रात्रभर निळे शिक्के मारत होती. त्या हँडबिलावर लांबून वाचता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

आता तुमच्या तत्त्वांकडे. हायरार्की म्हणजे वाचणाऱ्याला आधी काय लागणार ते ठरवणं. इंग्रजीत कॅपिटल्सची सोय आहे, आपल्याला नाही. इटॅलिकही आपलं नव्हे, नुसतं तिरकं केलेलं देवनागरी वाऱ्याने कललेल्या उसासारखं दिसतं. आपल्या हातात आकार, जाडी आणि जागा, एवढंच. जवळ-जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकत्र वाचतो, म्हणून वार-वेळ-ठिकाण कधीही फोडू नका. फॉन्टसाठी सुरुवातीला 'मुक्त' घ्या. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट मिळतो आणि बारीकपासून जाडपर्यंत सगळी वजनं त्यात आहेत. एका कामात दोन फॉन्टांच्या वर जाल तर लग्नपत्रिका होईल. लीडिंग इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा आणि ते आकड्यावर ठरवू नका, आधी 'वृद्धां'खाली 'बिंदू' टाकून बघा.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते जुने खिळेजुळारी होते, शिशाची अक्षरं हाताने जुळवून मजकूर बसवणारे. त्यांच्या काळात ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या, इंग्रजीत शिशाला लेड म्हणतात, लीडिंग हा शब्द तिथलाच. रिकामी जागासुद्धा वजनदार असायची, उचलून ठेवावी लागायची, त्यामुळे कोणी ती उगाच ठेवत नसे आणि उगाच काढतही नसे. ते प्रूफ भिंतीला चिकटवायचे, चष्मा काढायचे आणि दारापाशी जाऊन उभे राहायचे. तिथून जे दिसेल ते बरोबर मोठं झालंय. कोर्समध्ये याला डोळे बारीक करून बघायची चाचणी म्हणतात म्हणे. यांनी कुठला कोर्स केला नव्हता.

तेव्हा क्लास की डीटीपी? सहा महिने डीटीपीवाल्याच्या हाताखाली उमेदवारी करा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चार ठिकाणी विचारलंत तर कोणीतरी बसवून घेईल. पगाराचं मात्र विचारू नका. स्वतःच्या हाताने प्लेटला गेलेलं एक काम बिघडलं, की कॉन्ट्रास्ट आयुष्यभर लक्षात राहतो.

क्लास वाईट असं मी म्हणत नाही. नोकरीला पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचे नमुने, लागतो आणि तो आमच्याकडे होत नाही. आमच्याकडे होतात ती बिलबुकं आणि वास्तुशांतीची कार्डं. मोबाइलच्या स्क्रीनचं काम तर मला येतच नाही, तिथे माझं ऐकू नका. आणि एक गोष्ट त्या भाच्याच्या बाजूने लिहायलाच हवी. हँडबिलावर उजवीकडे वर त्याने बोटभर जागा कोरी सोडली होती. अध्यक्षांचा फोटो तिथे टाका म्हणून मंडळ मागे लागलं होतं, मीही म्हटलं होतं टाकून दे, पैसे तेच देणारेत. तो हटला नाही. रबरी शिक्का मारायला पाच हजार प्रतींवर तेवढीच एक जागा मोकळी होती.