सेकंड हँड गाडीचा मालक म्हणतो ‘अपघात नाही, कर्ज नाही’. खात्री कशी करायची?

टोकन देण्याआधी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि विम्याची चालू पॉलिसी मागून घ्या. बरंचसं इथेच उघड होतं. पोर्टलवर कितवा मालक, विमा-पीयूसीची मुदत आणि हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) दिसतं. बँकेचं नाव दिसत असेल तर ‘कर्ज कधीच फिटलंय’ हे तोंडी ऐकून घेऊ नका. बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओतून बोजा उतरवून घेणं विकणाऱ्याचं काम. ई-चलन वेगळं तपासा, थकलेला दंड ट्रान्सफरच्या वेळी आडवा येतो.

पॉलिसीत लोक फक्त तारीख बघतात. खरी गोष्ट नो क्लेम बोनसच्या रकान्यात असते: सलग 5 वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) विमा हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते, आणि क्लेम झाला की ती साधारण शून्यावर येते. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला 0 किंवा 20 टक्के दिसले, तर कशाचा क्लेम होता ते थेट विचारा. (बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे नुकत्याच हस्तांतर झालेल्या गाडीत शून्यावरून काही ठरत नाही.) किलोमीटरसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं ओडोमीटरशी ताडून बघा.

मात्र रोख पैसे देऊन बाहेर दुरुस्त केलेला अपघात कुठल्याच नोंदीत येत नाही. त्यासाठी बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा, रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे, म्हणजे तो भाग कधीतरी उघडलेला आहे.