श्रीलंकेच्या गृहयुद्धाबद्दल चित्रपट पाहून खरं काय ते कळतं का? कोणते पाहावेत?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांना घेऊन श्रीलंकेच्या रामायण-सहलीला निघालाय, अशोकवाटिका वगैरे, युद्धाबद्दल फारसं माहीत नाही, 'मद्रास कॅफे' तेवढा पाहिलाय, तो पुरे का. नाही, पुरे नाही. आता हे उत्तर लांबणार, कारण त्याच सिनेमापासून आमच्या घरात जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. फेब्रुवारी १९८८ ला शांतिसेनेतून, म्हणजे भारताने तिकडे पाठवलेल्या फौजेतून, श्रीलंकेत गेले, मार्च १९९० ला परत आले. आम्ही सातारकडचे, आमच्यात घरटी एक माणूस फौजेत असतोच, त्यामुळे त्याचं वेगळं कौतुक नाही. पण एकाहत्तरला गेलेल्याला गावात मान आहे, कारगिलवाल्याला आहे. श्रीलंकावाल्याला काय विचारतात माहितीये? "तिकडं कशाला गेला होता?" झालं. सुमारे १२०० जवान मारले गेले त्या अडीच-पावणेतीन वर्षांत. परमवीर चक्र मिळालेले मेजर परमेश्वरन महार रेजिमेंटचे, जन्म मुंबईचा, किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे बघा विचारून. शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आलेच नाहीत, ठरवून आले नाहीत. अण्णा त्याबद्दल एकच वाक्य बोलतात, "बँड होता, माणसं नव्हती."

तर २०१३ च्या ऑगस्टात 'मद्रास कॅफे' लागला. माझा चुलतभाऊ (थोरल्या चुलत्यांचा मुलगा, इथून पुढे बंधुराज) आठ तिकिटं काढून सगळ्यांना घेऊन गेला. "काकांचं काम पडद्यावर आलंय!" आता त्यात वाघांच्या (म्हणजे लिट्टे, वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी तिथल्या सरकारशी लढणारी संघटना) म्होरक्याला सगळे 'अण्णा' म्हणतात, तमिळमध्ये थोरल्या भावाला म्हणतात तसं. पडद्यावर कुणी "अण्णा" म्हटलं की बंधुराजांचा पोरगा मान वळवून आमच्या अण्णांकडे बघायचा आणि फिदीफिदी हसायचा. मध्यंतरात अण्णा चहाला म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. मी शोधत गेले तर पार्किंगमध्ये आमच्या स्कूटरवर बसलेले. बरं वाटत नाही का, विचारलं. म्हणाले, "त्यात सगळं नीट दिसतंय. आम्हाला काहीच दिसायचं नाही. ताडाची झाडं आणि रस्ता. रस्ता खालनं उडायचा."

एवढंच. पुढे काही नाही. बंधुराज बाहेर आले ते छाती फुगवून, "काका, अंगावर काटा आला का नाही?"

सिनेमा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. घट्ट बांधलाय, वेळ कसा जातो कळत नाही. पण तो गुप्तहेराचा सिनेमा आहे. राजीव गांधींच्या हत्येचा कट कुणी रचला, बातमी कुणी फोडली, दिल्लीत कुणाची चूक झाली, एवढ्याच प्रश्नांत त्याला रस. वाघांच्या संघटनेचं नाव बदललंय, माजी पंतप्रधानांचं नावच घेतलेलं नाही, आणि ज्या तमिळ लोकांच्या अंगणात हे सगळं चाललंय ते मागे पळताना, रडताना दिसतात तेवढेच. तमिळनाडूत तो लागलाच नाही. विरोध करणाऱ्यांचं सगळं मला पटत नाही, पण राग कशाचा आला ते समजतं. आपण तो बघून 'श्रीलंका कळली' म्हणणं म्हणजे वऱ्हाडाच्या गाडीच्या काचेतून गाव बघितल्यासारखं आहे.

आता खरी गोष्ट. लॉकडाऊनमध्ये अण्णा माझ्याकडे पुण्यात अडकले होते. एका मित्राने पेनड्राइव्हवर मला दहा-बारा सिनेमे भरून दिले होते, त्यात प्रसन्न विथानगे यांचा 'पुरहंद कळुवर' होता. सिंहली, १९९७ चा. नावाचा अर्थ साधारण पौर्णिमेचा काळोख. दुष्काळी भागातलं एक गाव, तळं आटलेलं, जमिनीला भेगा. एक आंधळा म्हातारा, वन्निहामी. मुलगा सैन्यात. एक दिवस मुलाची शवपेटी येते, सीलबंद, उघडायची नाही असा हुकूम. पेटी पुरतात. मग नुकसानभरपाईचा अर्ज येतो, म्हाताऱ्याने सही केली की पैसे मिळणार, मुलीच्या लग्नाला पैसे हवेत, सगळे मागे लागतात. म्हातारा म्हणतो, माझा मुलगा मेलेला नाही, मी सही करणार नाही.

अण्णांना इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत. मी शेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगत होते. दहा मिनिटांनी अण्णा म्हणाले, "तू बोलू नको. कळतंय मला." जो अबेविक्रम म्हणून नट आहे, तो काठी टेकत भेगाळलेल्या जमिनीवरून चालतो, तेव्हा अण्णा पुढे सरकून लॅपटॉपला नाक लावून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पेटीत शेवटी काय निघतं ते मी तुम्हाला सांगत नाही, बघा. पण म्हातारा कुदळ हातात घेतो तिथे अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि सिनेमा थांबवायला लावला. आणि मग तीसेक वर्षांत कधी सांगितली नव्हती ती गोष्ट सांगितली.

१९८८ च्या पावसाळ्यात, श्रीलंकेच्या उत्तरेत वावुनियाच्या बाजूला त्यांच्यातला एक पोरगा गेला. माण तालुक्यातला. बॉडी घरी आली नाही, तिकडेच अग्नी दिला. अण्णांना रजा मंजूर झालेली होती, म्हणून त्याची पेटी पोचवायचं काम त्यांच्यावर आलं. पेटी म्हणजे फौजी ट्रंक, काळ्या पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत दोन शर्ट, एक स्वेटर, टॉर्च, दाढीचं सामान, खिशातला रेडिओ, आणि घरी लिहायला घेतलेलं अर्धं अंतर्देशीय. यादी होती, यादीवर घरच्यांची सही घ्यायची होती. त्याची आई म्हणाली, "पेटी त्याचीच हाय. पण त्याला बघितलं कोणी?" अण्णा म्हणाले, "मी बघितला. मीच अग्नी दिला."

अण्णा त्या वेळी तिथून चाळीस मैलांवर दुसऱ्याच पोस्टवर होते. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. बाईने अंगठा उठवला.

"ह्या म्हाताऱ्याने अंगठा दिला नाही," अण्णा म्हणाले. "शहाणा आहे." मग उरलेला सिनेमा बघितला, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी त्यावर एक शब्द नाही.

हा सिनेमा २००० साली श्रीलंका सरकारने अडवला होता. सैन्याचा एलिफंट पासचा तळ नुकताच वाघांच्या हाती पडलेला, रोज शवपेट्या गावागावांत चाललेल्या, आणि अशात सीलबंद पेटीबद्दल प्रश्न विचारणारी गोष्ट कोण दाखवू देणार? दिग्दर्शक सुप्रीम कोर्टात गेले आणि २००१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. लक्षात घ्या, यात एकही लढाई नाही, एकही तमिळ पात्र पुढे येत नाही, सैन्याला शिवी नाही. तरी भीती वाटली. मला विचाराल तर श्रीलंकेतला सगळा वाद इथेच आहे, मेलेल्याचा हिशेब कुणी मागायचा.

बंधुराजांना मी हे फोनवर सांगितलं, चूक केली. त्यांचं म्हणणं, परक्या देशाचा, स्वतःच्याच सैन्याची बदनामी करणारा सिनेमा तू एका फौजी माणसाला दाखवलास, त्याचं बीपी वाढवलंस. बदनामी! हाच शब्द तिथल्या नौदलातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या तोंडी शोभला असता. २००५ मध्ये विमुक्ती जयसुंदर यांच्या 'सुलंग एनु पिणिस' या सिनेमाला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचं कॅमेरा दोर पारितोषिक मिळालं. युद्धविरामातला कंटाळा आणि कुजणं दाखवणारा सिनेमा, अर्धा वेळ कुणी बोलतसुद्धा नाही. सरथ वीरशेखर नावाच्या रिअर ॲडमिरलनी अशा दिग्दर्शकांवर पेपरातून तोफ डागली. पुढे २०११ मध्ये त्यांनी स्वतःच 'गामनी' नावाचा सिनेमा काढला, वाघांनी १९९९ मध्ये गोनागला गावात पन्नासहून अधिक सिंहली माणसं रात्री कापली त्यावर. ते हत्याकांड खरंच झालं होतं, त्यात बायका-मुलं होती, त्यावर सिनेमा निघायलाच हवा होता. प्रश्न एवढाच की ज्याला फक्त आपल्याकडचे मुडदे मोजायचेत त्याची बेरीज कायम बरोबरच येते.

तमिळ बाजूलाही हेच. जूड रत्नम नावाचा तमिळ दिग्दर्शक, १९८३ च्या जुलैतल्या तमिळांविरुद्धच्या दंगलीत लहानपणी आईबापांबरोबर रेल्वेने उत्तरेला पळालेला. त्याने 'डेमन्स इन पॅरडाइज' या माहितीपटात तमिळ गटांनी एकमेकांची माणसं कशी मारली ते आपल्या काकाच्या तोंडून सांगितलं. कानमध्ये २०१७ ला दाखवला गेला. पुढच्या वर्षी उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्याच्या महोत्सवातून मात्र काढून टाकला, आपल्याच लोकांच्या विरोधामुळे. म्हणजे कोलंबोला एक नको, जाफन्याला दुसरा नको. आणि मुसलमान? ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतले सगळे मुसलमान हाकलले, जाफन्यात तर दोन तासांची मुदत दिली होती. ते कुणाच्याच सिनेमात बसत नाहीत. विथानग्यांच्याच 'इर मदियम' मध्ये तेवढा एक पोरगा आहे, घर सोडताना कुत्र्याला बरोबर न्यायचा हट्ट करणारा. तो बघा. मी त्या पोरासाठी दोनदा बघितला.

आता आपल्या बाजूचं, कारण मला ते टाळता येणार नाही. २१ ऑक्टोबर १९८७, तिकडच्या दिवाळीचा दिवस. आपलं सैन्य जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात घुसलं आणि डॉक्टर, नर्सेस, पेशंट धरून साठच्या वर माणसं मेली. आतून गोळीबार झाला असं सैन्याचं म्हणणं होतं, तिथले लोक ते मानत नाहीत, आणि दरवर्षी त्या तारखेला रुग्णालयातले लोक त्यांची आठवण ठेवतात. यावर एखादा हिंदी किंवा मराठी सिनेमा सांगा मला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आधी तारखा मोजल्या. अण्णा फेब्रुवारी ८८ ला गेले. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. त्यांना मी हे कधी विचारलेलं नाही. बंधुराज, ही 'बदनामी' मी शोधून काढलेली नाही, आणि ज्याला अण्णांचा खरोखर अभिमान आहे त्याने अण्णांना एकदा तरी विचारलं असतं की तिकडे झोप लागायची का. तुम्ही विचारलंत ते अंगावरच्या काट्याबद्दल.

असो, तुमचा प्रश्न. सिनेमा बघून 'खरं काय' ते कळत नाही. कोण काय लपवतंय ते कळतं, एकामागोमाग तीन-चार बघितले तर. 'पुरहंद कळुवर' आणि 'इर मदियम' आधी. मग मणिरत्नमचा 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल', थोडा गोड आहे पण आईबरोबर बघता येईल. मग हिंमत असेल तर 'दीपन', २०१५ चं पाम दोर, म्हणजे कानचं सर्वात मोठं पारितोषिक, मिळालेला फ्रेंच सिनेमा, त्यात मुख्य काम करणारा माणूस पोरवयात स्वतः वाघांमध्ये होता. शेवट मला पटला नाही, पण त्याचा चेहरा खोटं बोलत नाही. २००९ च्या मे महिन्यात, युद्ध संपताना, मुल्लिवैक्कालच्या किनारपट्टीवर अडकलेल्या तमिळ लोकांचं जे झालं त्याचे माहितीपट सहलीआधी बघू नका. आल्यावर बघा.

गाइड युद्धाबद्दल बोलणार नाही, त्याला छळू नका, त्याचं पोट आहे. जमलं तर कोलंबोजवळ बत्तरमुल्लाला, त्यांच्या संसदेच्या बाजूला, शांतिसेनेचं स्मारक आहे तिथे अर्धा तास काढा. भिंतीवर नावं आहेत. अण्णांना मी दोनदा म्हटलं, चला, तिकीट काढते. म्हणतात, "ज्याचं नाव वाचायचं त्याच्या आईला मी आधीच सांगून बसलोय."

जाता जाता, मी इतिहासाची अभ्यासक वगैरे नाही, बँकेत नोकरी करते. सिंहली येत नाही, तमिळ येत नाही, सगळं सबटायटलवर. कुणा तमिळ किंवा सिंहली माणसाला यातलं काही चुकीचं वाटलं तर त्याचं आधी ऐका. आणि वडिलांना असले सिनेमे दाखवावेत की नाही, याबाबत बंधुराजांचं बीपीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, त्या रात्री अण्णांना उशिरापर्यंत झोप नव्हती.

गेल्या दिवाळीत बंधुराज तो पेनड्राइव्ह "बघतो एकदा" म्हणून घेऊन गेलेत. अजून परत आलेला नाही, त्यामुळे कृपा करून मला कुणी लिंक मागू नये.