क्रीडा प्रश्नोत्तरे : ‘कॉलेजचा कोच’ ही जागा कुठे निघते?

प्रश्न : मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळते. गेल्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघातही माझी निवड झाली होती. मला महाविद्यालयातच बास्केटबॉल प्रशिक्षक व्हायचे आहे. अमेरिकेतील कॉलेज प्रशिक्षकांना कोट्यवधी रुपये मिळतात, असे मोबाईलवर दिसते. बाबांचे म्हणणे आहे की बी. एड. करून शिक्षिका व्हावे. घरी पाच एकर कोरडवाहू शेती आहे. काय करावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याकडील महाविद्यालयांत ‘बास्केटबॉल प्रशिक्षक’ नावाचे पद जवळजवळ नसतेच, हे आधी स्पष्ट सांगतो. असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे एकच पद, आणि त्या एका व्यक्तीने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघ उतरवायचे, प्रवेशिका वेळेत पाठवायच्या, प्रवासभत्त्याची बिले मंजूर करून घ्यायची आणि पंधरा ऑगस्टची कवायतही बसवायची, अशी अपेक्षा असते. बास्केटबॉल शिकवणे या सगळ्यातून उरलेल्या वेळात, म्हणजे बहुधा पहाटे साडेपाच ते साडेसात, स्वतःच्या हौसेने करायचे असते. तुम्हाला तयारी करायची आहे ती या पदाची.

त्यासाठी दोन वर्षांचे बी. पी. एड. (शारीरिक शिक्षणातील पदवी) आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम. पी. एड. (त्याच विषयातील पदव्युत्तर पदवी) करावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के गुण, नेट किंवा सेट (महाविद्यालयीन अध्यापनासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असणे, स्पर्धांतील सहभागाचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी या प्रमुख अटी आहेत. विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचे तुमचे प्रमाणपत्र म्हणूनच जपून ठेवा. विद्यापीठाच्या खेळाडूला मिळणारा कलर कोट कपाटात लटकतो, नोकरीच्या अर्जाला मात्र प्रमाणपत्रच जोडावे लागते. तीस वर्षांपर्यंतच्या महिला उमेदवाराला आठ मिनिटांत 1000 मीटर अंतर पूर्ण करायचे असते, आणि चाळिशीपर्यंतच्या उमेदवाराला 800. भरती किती वर्षांनी निघते, याचा अंदाज नियम करणाऱ्यांनाही असावा, असे मला ही वयाची सवलत पाहून नेहमी वाटते.

शिक्षणासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. तिथल्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, आणि त्याच आवारात आज शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालते. खेळाचे तंत्र शिकवण्याची खरी पात्रता मात्र पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षण पदविकेने येते. ती संचालकपदाला सक्तीची नाही, तरीही जमल्यास अवश्य करा. एम. पी. एड. करून संचालक झालेल्या, परंतु बचावाची साधी मांडणी खेळाडूंना समजावून सांगता न येणाऱ्या व्यक्ती मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

बाबांचे म्हणणे उडवून लावू नका. बी. पी. एड. झाल्यावर शाळेत शारीरिक शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो, म्हणजे त्यांची इच्छा आणि तुमची वाट काही अंतर एकत्रच जातात, हे त्यांना शांतपणे सांगा. मात्र महाविद्यालयात नियमित नेमणूक होईपर्यंत तासिका तत्त्वावर काढावी लागणारी वर्षेही त्यांच्यापासून लपवू नका. मी स्वतः अशी सहा वर्षे काढली. मानधन दरमहा न येता कधी दिवाळीला, तर कधी थेट मार्चअखेर येत असे, आणि उन्हाळ्यात तासिकाच नसल्याने मानधनही नसे. घरच्या शेतीचा आधार नसता, तर मी हे क्षेत्र सोडले असते.

अमेरिकेचे म्हणाल, तर तिथल्या मोठ्या विद्यापीठांत सामन्यांची तिकिटे विकली जातात, दूरचित्रवाणीचे हक्क विकले जातात, माजी विद्यार्थी देणग्या देतात. प्रशिक्षकाचा पगार त्या पैशातून निघतो. आपल्या सामन्याला उरलेले संघ आणि चहावाला एवढेच प्रेक्षक असतात. पण तिथलीही सुरुवात पाहा. 1891 मध्ये हा खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ शारीरिक शिक्षणाचेच शिक्षक होते, आणि कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक म्हणून त्यांनी 55 सामने जिंकले व 60 गमावले. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांनी 1974 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, महिना 250 डॉलरवर काम सुरू केले, तेव्हा संघाची गाडी त्याच चालवत आणि खेळाडूंचे गणवेशही त्याच धूत. पुढे 38 हंगामांत 1098 विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली.

शिकवायला पदवीची वाट पाहू नका. गावच्या शाळेतील मुलींना आतापासून शिकवा आणि प्रत्येक दिवशी काय घेतले, काय फसले, याची वही ठेवा. 28 बाय 15 मीटरचे पूर्ण मैदान मिळणार नाही. तीन विरुद्ध तीन प्रकाराला एकच रिंग आणि सुमारे अर्धे मैदान पुरते. ग्रामपंचायत काँक्रीट टाकून द्यायला तयार झाली, तर खाली मुरमाचा चांगला थर आधी दाबून घ्यायला सांगा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, त्यामुळे मुरुमाशिवाय टाकलेले मैदान दोन पावसाळ्यांत तडकते.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर खेळ शिकवतो. ऑक्टोबरपासून संघातील मुली सरावाला येईनाशा होतात. कापसाची वेचणी सुरू होते आणि संध्याकाळची एसटी चुकण्याची भीती असते. संघ कसा टिकवावा?

उत्तर : सराव संध्याकाळी ठेवणे ही आपली सोय आहे, त्यांची नव्हे. दिवाळीनंतर दुपारचे ऊन सोसवते. प्राचार्यांना विनंती करून मधल्या रिकाम्या तासिकेत पन्नास मिनिटे घ्या आणि मुलींना नेहमीच्या बसने जाऊ द्या. वेचणीसाठी आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलीचे नाव संघातून काढू नका. ती परत येते तेव्हा बोंडांच्या टोकदार नखांनी तिची बोटे ओरखडलेली असतात, म्हणून पहिल्या दिवशी तिला चेंडू झेलायला न लावता बचावातील पायांचा सराव द्या.