२४ व्होल्टच्या सोलर सेटला शंट किती अँपिअरचा घ्यावा?

शेतावरच्या घरात महावितरणची लाइन नाही, १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, २ केव्हीएचा इन्व्हर्टर. शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मीटरला मोजता यावा म्हणून तारेत बसवायची धातूची पट्टी, १०० अँपिअरचा घ्यावा की दुकानदार सांगतो तसा ५०० चा, असं तुम्ही विचारलंय. मी २०० अँपिअर, ७५ एमव्हीचा घेईन, म्हणजे २०० अँपिअर वाहताना त्याच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्ट मिळतात आणि मीटर त्यावरून करंट काढतो.

शंट बॅटरीच्या एएचवरून ठरत नाही, इन्व्हर्टर किती करंट ओढतो त्यावरून ठरतो. पूर्ण लोड १६०० वॅट धरा. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के, आणि बॅटरी उतरली की व्होल्टेज २१ पर्यंत येतं. हिशेब जवळपास ९० अँपिअरवर जातो. १६०० ला नुसतं २४ ने भागलं तर ६७ येतात आणि १०० चा शंट भरपूर वाटतो. पण छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशावर शंट सतत चालवू नये. १०० च्या शंटला ही मर्यादा ६६, २०० च्याला १३३. मोटर सुरू होतानाचा क्षणाचा झटका २०० चा शंट सहज सोसतो.

मग ५०० चा का नको? अर्ध्या अँपिअरला २०० च्या शंटवर ०.१९ मिलिव्होल्ट मिळतात, ५० एमव्हीच्या ५०० वर फक्त ०.०५. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या स्मार्टशंटसारखं (शंट आणि मीटर एकत्र) चांगलं यंत्र तेवढंही मोजतं. तसं घेणार असाल तर ५०० चा खुशाल घ्या. स्वस्त मीटर मात्र तिथे शून्य दाखवतो. लोड नसताना नुसता चालू इन्व्हर्टरही साधारण हा अर्धा अँपिअर खातो. चोवीस तासांत १२ एएच, म्हणजे ८ टक्के, हिशेबातच येत नाहीत. उन्हाळ्यात बॅटरी रोज फुल होते, मीटर पुन्हा १०० टक्क्यांवर येतो, म्हणून चूक दिसत नाही. खरा त्रास पावसाळ्यात. चार-पाच ढगाळ दिवस बॅटरी भरलीच नाही तर स्क्रीनवर ७० टक्के आणि बॅटरी निम्म्याच्याही खाली. ट्युब्युलर तशी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं, आणि दोन बॅटऱ्यांची किंमत शंटच्या कितीतरी पट आहे.

जोडताना बॅटरीच्या निगेटिव्हला फक्त शंटची एकच केबल जाऊ द्या. इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणारा), दोघांचे निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या टोकाला. मीटरच्या बारीक वायरी शंटवरच्या छोट्या स्क्रूंनाच लावा, मोठ्या बोल्टखाली दाबू नका. मीटरमध्ये २०० अँपिअर, ७५ एमव्ही असं सेटिंग करायला विसरू नका. ५० एमव्ही राहिलं तर प्रत्येक रीडिंग दीडपट येईल.