संहितेत ‘स्वगत’ कुठं आणि कसं लिहायचं

भावा, पहिल्या एकांकिकेला ‘स्वगत’ आणि ‘प्रकट’ एवढे दोन शब्द नीट वापरलेस तरी पुष्कळ झालं.

‘स्वगत’ म्हणजे स्वतःशी. प्रेक्षकांना ऐकू जातं, रंगमंचावरच्या इतरांना नाही. ‘प्रकट’ म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोन्ही सूचना कंसात आणि संवादाच्या आधी लिही:

बंडू : (स्वगत) ह्यानं पाकीट बघितलं वाटतं! (प्रकट) या की मामा, बसा.

नवखे लेखक हमखास ‘प्रकट’ विसरतात. मग कुठलं वाक्य मामांनी ऐकलंय हे तालमीत नटालाच कळत नाही. दुसरी चूक लांबीची. समोर माणूस उभा असताना स्वगत एकदोन वाक्यांचंच ठेव, नाहीतर मामांनी तोवर करायचं काय? लांब स्वगत पात्र एकटं असताना.

‘स्वगतपणे’, ‘मनातल्या मनात स्वगत’ असलं काही लिहू नकोस. ‘तो स्वगत म्हणाला’ एवढं पुरतं. शब्द तिथं क्रियाविशेषणच आहे. ‘त्याचं स्वगत रंगलं’ म्हटलं की तोच नाम होतो.

नटांना एकच सांग: स्वगत म्हणजे कुजबुज नव्हे. मोठ्या नाट्यगृहातही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे. आवाज तोच ठेवायचा, नजर समोरच्या पात्रावरून काढायची आणि ‘प्रकट’ला परत आणायची.

‘जनांतिक’ (बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं दोघांचं बोलणं) आणि ‘अपवारित’ (तोंड फिरवून एकालाच सांगितलेलं गुपित) सध्या बाजूला ठेव. जुन्या संस्कृत नाटकात जनांतिकाला अनामिका दुमडून त्रिपताक हात धरायचे. तुझ्या बंडूला त्याची गरज नाही.