हिंदीतल्या 'मनाना'ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की डिक्शनरीत 'मनाना'पुढे सेलिब्रेटही दिलंय आणि पर्सुएडही दिलंय, मग एकाच क्रियापदाचे इतके लांबचे दोन अर्थ कसे आणि कुठला कधी घ्यायचा. मी हिंदीवरून इंग्रजी सबटायटल्स करते, आणि या एका क्रियापदाने मला सुरुवातीला खूप छळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मूळ बघा. 'मानना' म्हणजे मानणं, कबूल होणं, ऐकणं. 'मनाना' म्हणजे समोरच्याला मानायला लावणं. म्हणून माणूस असेल तिथे 'को' येतो, 'माँ को मनाना', आणि सण असेल तिथे सहसा 'को' येत नाही, नुसतं 'दिवाली मनाना'. माणसाला लागलेला 'को' दिसला की सेलिब्रेट डोक्यातून काढून टाका (तारखेला लागणारा 'को' वेगळा, तो इथे मोजू नका).

आता माणसाला मनाना. इथे आपल्याला मराठीचा फार फायदा होतो, कारण आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कोणी एखाद्या गोष्टीला तयार नसेल तर आपण त्याचं मन वळवतो, आणि कोणी रुसलं असेल तर समजूत काढतो. पहिल्याला पर्सुएड चालतं. दुसऱ्याला अजिबात नाही, कारण 'बहन रूठ गई है, जाओ मनाओ' यात बहिणीला काही पटवून द्यायचंच नाहीये, तिला फक्त जवळ घ्यायचंय, तर तिथे 'गो मेक अप विथ हर' असं काहीतरी लागतं. मी आजही वाक्य आधी मनात मराठीत करून बघते आणि मग इंग्रजीकडे जाते.

आणि आता जिथे मी स्वतः चुकले ती जागा. वाक्य होतं, 'बाबूजी को बहुत मनाया, पर वो नहीं माने.' मी लिहिलं 'आय पर्सुएडेड फादर अ लॉट, बट ही डिडन्ट अग्री'. तपासणाऱ्या ताईंनी पर्सुएडेडवर गोल केला आणि विचारलं, पर्सुएड केलं म्हणजे ते तयार झाले ना, मग पुढे नाही कसे म्हणाले? बरोबरच होतं. इंग्रजीत पर्सुएडेड म्हटलं की काम झालं, पण हिंदीत नुसतं 'मनाया' म्हणजे प्रयत्न केला, यश आलं की नाही ते अजून कळायचंय. यश आलं तर हिंदी माणूस बहुतेक वेळा 'मना लिया' म्हणतो. म्हणजे 'मनाया' दिसलं आणि पुढे 'पर' आलं तर ट्राइड टू पर्सुएड, किंवा प्लीडेड विथ, आणि 'मना लिया'ला टॉक्ड हिम राउंड किंवा वन हिम ओव्हर. त्या एका 'लिया'त सगळा निकाल असतो.

त्याला लागूनच अजून एक खड्डा आहे. 'मैंने उसे मना लिया' म्हणजे मी त्याला राजी केलं, आणि 'मैंने उसे मना किया' म्हणजे मी त्याला नको म्हटलं! हा 'मना' वेगळाच, अरबीतून आलेला, आपल्या 'मनाई'तला, त्याचा 'मानना'शी काही संबंध नाही. घाईत ऐकताना एका अक्षराने अर्थ उलटा होतो, म्हणून मी अशा ठिकाणी ऑडिओ परत लावतेच.

सणांचं सोपं आहे असं वाटतं, होली मनाना, जन्मदिन मनाना, सगळीकडे सेलिब्रेट. पण हिंदी पेपरात '30 जनवरी को गांधीजी की पुण्यतिथि मनाई गई' असंही येतं, आणि तिथे सेलिब्रेटेड लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. तिथे ऑब्झर्व्ह किंवा मार्क हवं. 'मातम मनाना' तर सरळ मोर्न. इथेही मराठी मदत करते, सण आपण साजरा करतो, पण शोक आणि दुखवटा पाळतो.

राहिलं 'ख़ैर मनाना'. 'ख़ैर मनाओ कि बच गए' यात ना कोणाला पटवायचंय ना काही साजरं करायचंय. ख़ैर म्हणजे कुशल, आपण म्हणतो तसं 'नशीब समज, वाचलास'. इंग्रजीत थँक युअर लकी स्टार्स चपखल बसतं.

तुमच्याकडे एखादं ठराविक वाक्य अडलं असेल तर आधीच्या-नंतरच्या एक-दोन ओळींसकट टाका, नुसत्या एका ओळीवरून 'मनाया'चा निकाल सांगता येत नाही.