गोळ्या चालू असताना दिवस कसे जातात?

माला-डी ही गर्भनिरोधक गोळी दोन महिन्यांपासून घेताय, पण जावेला गोळ्या चालू असताना दिवस गेले, तेव्हा भरवसा किती ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. उपकेंद्रात नर्स म्हणून मी २२ वर्षं याच गोळ्या दिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकही गोळी न चुकवता घेतली, तर वर्षभरात १००० बायकांपैकी साधारण ३ जणींना दिवस जातात. घरोघरी प्रत्यक्षात जशा घेतल्या जातात तशा धरल्या, तर हाच आकडा ७० च्या आसपास जातो. गोळी तीच, फरक चुकलेल्या दिवसांचा.

जावेचं काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण माझ्याकडे आलेली एक बाई आठवते. पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून ती त्या टाकून द्यायची. त्या गर्भ रोखत नाहीत हे खरं, पण त्यांच्यामुळे दिवस मोजले जातात. भावाच्या लग्नाला माहेरी गेली, मोजणी चुकली आणि नवं पाकीट आठव्याऐवजी बाराव्या दिवशी सुरू झालं. "सिस्टर, एक पण गोळी चुकवली नाय ओ मी," असं रडत सांगत होती. खोटं नव्हतं ते. पण आधीच ७ दिवस हार्मोन बंद, त्यात आणखी ४ दिवसांची भर, तेवढ्यात बीज तयार होऊ शकतं. मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा नवं पाकीट उशिरा उघडणं जास्त धोक्याचं, हे मी प्रत्येकीला दोनदा सांगायची.

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. सलग दोन किंवा जास्त राहिल्या, तर एक लगेच घेऊन रोजचा क्रम चालू ठेवा आणि ७ दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं, तर उरलेल्या हार्मोनच्या गोळ्या संपल्या की लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करा. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी घ्या. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं गोळीचा असर कमी करतात, तेव्हा डॉक्टरांना गोळ्या चालू असल्याचं आवर्जून सांगा.

आणखी एक. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या घेतात, त्यांनी गर्भ राहत नाही असं कित्येकींना वाटतं. त्यांच्यावर अजिबात विसंबू नका. तुमची माला-डी चालूच आहे, तेव्हा लोहाच्या गोळ्या गाळून पुढचं पाकीट लगेच घेतलं तरी पाळी लांबते.

आणि सुरू करण्याआधी रक्तदाब तपासला होता का? नसेल तर याच आठवड्यात आशाताईंबरोबर जाऊन तपासून घ्या.